यंत्रामागचं स्टूल

“दिवे उलट्या बाजूला बसवलेत तुम्ही, जावईबापू.”

स्क्रूड्रायव्हर, तारा आणि रंगाचे डबे यांच्या गर्दीत चहाच्या कपापुरती जागा करता करता टायपिस्टबाई बोलून गेल्या. बोलल्या आणि लगेच जीभ चावली. पण चौतीस वर्षं टाइपरायटर बडवलेल्या बाई त्या. एकदा कागदावर उमटलेलं अक्षर परत रिबिनीत जात नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

जावई जमिनीवर उकिडवा बसून प्लायवूडच्या दर्शनी फळीला पॉलिशपेपर मारत होता. त्याच्या भुवयांवर पांढरी भुकटी बसली होती, त्यामुळे पंचेचाळिशीचा माणूस पासष्टीचा दिसत होता. फळीच्या मधोमध जुन्या कॉम्प्युटरचा फुगीर काचेचा पडदा, त्याच्या डाव्या अंगाला बारा दिवे, चार-चारच्या तीन ओळी. दिव्यांच्या खाली रुपयाएवढं गोल भोक आणि त्या भोकात एक लाल बल्ब.

“पोस्टरवरून मोजून बसवलेत, आई,” मान वर न करता तो म्हणाला. “पट्टी लावून. पोस्टरवर दिवे डावीकडे आहेत.”

“असतील. मला मेलीला काय कळतंय त्यातलं,” असं म्हणून बाई वळल्या. दारापर्यंत गेल्या. आणि दाराच्या चौकटीला धरून, स्वतःशीच भांडल्यासारख्या पुटपुटल्या, “पण ते उजवीकडेच होते.”

आता हा सगळा प्रपंच काय होता, ते आधी सांगायला हवं.

जावयाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. बिघडलेले कॉम्प्युटर, मुके झालेले रेडिओ, चालता चालता रुसलेले पंखे, जे येईल ते हा दुरुस्त करायचा. गावातलं जुनं थिएटर नऊ वर्षं बंद होतं, ते पुन्हा उघडायचं ठरलं. पहिला खेळ कुठला लावायचा, याबद्दल थिएटरमालकांच्या मनात शंका नव्हती. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीचा एक सिनेमा होता, त्यावर त्यांचा जीव. त्या सिनेमातलं यंत्र जसंच्या तसं बनवून दर्शनी दालनात उभं करायचं, येणाऱ्या प्रत्येकाने त्याच्यासमोर उभं राहून प्रश्न विचारायचा आणि यंत्राने उत्तर द्यायचं, अशी त्यांची हौस. मूळ यंत्राचा सांगाडा चित्रीकरण संपल्याच्या आठवड्यातच मोडून टाकलेला. सिनेमाची एकुलती एक प्रत झिजून चाळण झालेली. ती दुरुस्तीला दूर पाठवली होती आणि उद्घाटनाच्याच दिवशी परत यायची होती. हाताशी होतं ते फक्त एक पोस्टर, चौकटीत जपलेलं.

गोष्ट तशी साधीच. समुद्रकाठच्या वेधशाळेत एक यंत्र असतं, वारा-वादळाचं गणित मांडणारं. वादळात एक होडी बेपत्ता होते. होडीवरच्या पोराची म्हातारी आई रोज वेधशाळेच्या पायरीवर येऊन बसते. शेवटी तिथल्या अधिकाऱ्याला दया येते, तो तिला आत नेतो. आणि ती माउली यंत्रापुढे उभी राहून, माणसाला विचारावं तसं विचारते, “माझं पोर परत येईल का रे?” पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतात : परत येण्याची. आणि यंत्र थांबतं. नुसती चौकोनी खूण लुकलुकत राहते. अकरा सेकंद. मग पुढचे दोनच शब्द येतात : वाट पाहा. बस्स. सिनेमा तिथे संपतो. पोर आलं की नाही, ते देवाला माहीत.

“त्या अकरा सेकंदांत आख्खं थिएटर श्वास धरून बसायचं हो,” मालक प्रत्येकाला सांगत. “लेखक म्हणतात तो असा!”

हे ऐकलं की टायपिस्टबाई चहाचे कप उचलून आत जात.

जावयाने एका शाळेच्या अडगळीतून हिरव्या अक्षरांचा जुना कॉम्प्युटर मिळवला. त्याच्या अंगावर इंचभर धूळ होती आणि कळा म्हाताऱ्याच्या दातांसारख्या पिवळ्या पडलेल्या. त्याने तो हळूहळू जिवंत केला. असल्या पडद्याच्या नळीत बटण बंद केल्यावरही वीज दबा धरून बसते, म्हणून आधी ती उतरवली, मग फुगलेले भाग बदलले. त्याची कामाची एक पद्धत होती. मोठ्या कागदावर यंत्राचं चित्र काढायचं आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्याच जागी चिकटवून ठेवायचा. “जिथला तिथे गेला पाहिजे,” म्हणायचा, “नाहीतर रात्री झोप लागत नाही.” कळा साफ करायचं काम बाईंनी मागून घेतलं. दातांचा जुना ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन एकेक कळ अशी घासली, की जणू नातवंडाचे कान धुताहेत. जावई मनात म्हणाला, सासूबाईंना वेळ जात नसेल.

आणि तीन आठवडे खपून दर्शनी फळी तयार झाल्यावर, उद्घाटनाला आठ दिवस उरले असताना, त्या म्हणत होत्या की दिवे उलटे.

जावयाने पॉलिशपेपर खाली ठेवला.

“उजवीकडे कशावरून म्हणता, आई?”

“माझ्या डाव्या हाताला होते ना ते,” बाई सहज म्हणाल्या. “उष्णता लागायची या दंडाला. म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या उजवीकडे. आणि तो लाल बल्ब काढा आधी. तिथे बल्बबिल्ब काही नव्हता. ते नुसतं भोक होतं.”

“भोक?”

“मला बघायला.”

“आई!”

तिसरा आवाज लेकीचा. ती औषधांच्या दुकानात कामाला जायला निघालेली, खांद्याला पिशवी, हातात किल्ली. तेवढा एकच शब्द तिने उच्चारला, पण असा, की खोलीतली हवाच आवळली.

“अगं, मी आपलं...”

“पुन्हा ते नको, आई. माझ्याकडे बघ. पुन्हा ते नको.” मग नवऱ्याकडे वळून, “आणि अहो, तुम्हीही ऐकून काय घेताय? आठ दिवस राहिलेत. चहा प्या आणि रंग मारायला घ्या.”

ती गेली. बाहेरचं फाटक जरा जोरातच आपटलं.

बाई खाली बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर बारा वर्षांची लेक होती. दोन वेण्या, एक सुटलेली. शाळेत तिने मोठ्या ऐटीत सांगितलेलं, “माझी आई सिनेमात आहे!” पोरींनी तो सिनेमा पाहिला. एकदा, दोनदा. आई कुठेच नाही. नावांच्या यादीतही नाही. मग काय, पोरी त्या! महिनाभर तिचं नाव ‘थापाडी’ पडलं. ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली आणि रडता रडता विचारलं, “आई, खरं सांग, तू होतीस का सिनेमात?” आणि बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवत सांगितलं होतं, “नाही गं चिमे. चेष्टा केली होती मी तुझी.”

लेकीने त्यानंतर दोन दिवस अबोला धरला. पण शाळेत सांगायला तिला उत्तर मिळालं. थाप आईची होती, तिची नव्हे.

तेव्हापासून बाईंनी तो विषय मनाच्या तळाशी ठेवून वर झाकण घातलं. ऑफिसात आधीच काही जण ‘आल्या बघा नटीबाई’ म्हणून टोमणे मारत. ते मात्र त्यांनी हसून सोडून दिले. परक्याचा टोमणा अंगावरून ओघळून जातो. आपल्या पोटच्या पोरीच्या नजरेत आपण खोटारडे ठरलोय, हे मात्र तीस वर्षं रोज भाकरी-तुकड्याबरोबर गिळावं लागतं.

“सांगा, आई,” जावई म्हणाला. त्याने चहाचा कप हातात घेतला होता आणि दुसरं स्टूल पायाने पुढे सरकवलं होतं. “चिमी गेली. आता सांगा.”

“तुमचा विश्वास बसायचा नाही.”

“बसला नाही तर तसं सांगेन. मशीनबद्दल मी कोणाचं मन राखत नाही.”

बाईंना हसू आलं. त्या बसल्या.

“आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला ना, तेव्हा त्याचा थाट काय विचारू नका. स्वतंत्र खोली, पडदे, चपला दाराबाहेर काढायच्या. साहेबसुद्धा अनवाणी! आणि हात लावायची परवानगी फक्त मला, कारण शिकायला मलाच पाठवलेलं. मग हे सिनेमावाले आले. त्यांना खरा कॉम्प्युटर हवा होता. वरून हुकूम आला, द्या. आमचे साहेब म्हणाले, देतो, पण यंत्राला बाहेरच्या माणसाचा हात लागता कामा नये. यंत्राबरोबर आमचं माणूस जाईल. गेटवर सामानाचा पास केला. अजून पाठ आहे मला. कॉम्प्युटर एक, पडदा एक, कीबोर्ड दोन, वायर तीस फूट, टंकलेखिका एक.”

“टंकलेखिका एक?”

“मग! संध्याकाळी परत आलो की पहारेकरी यादी काढून मोजायचा. पडदा? आहे. वायर? आहे. टंकलेखिका? मी म्हणायची, आहे बाबा. की तो खूण करायचा.”

जावई खो खो हसला. भुवयांवरची भुकटी चहात पडली.

“त्यांनी प्लायवूडचा मोठा सांगाडा बनवलेला. पुढून बघाल तर डोळे दिपतील, मागून बघाल तर नुसत्या फळ्या आणि खिळे. मागे एक स्टूल, त्यावर मी. मांडीवर दुसरा कीबोर्ड. पुढचा कीबोर्ड नुसता शोभेचा. समोर कागद टांगलेला, यंत्राने काय काय बोलायचं ते लिहिलेला. नटांचं बोलणं संपलं की मी टाइप करायचं. पण मला दिसणार कसं, कोण कधी बोललं? म्हणून सुताराने ते भोक पाडून दिलं.”

“लोक त्याला यंत्राचा डोळा म्हणतात, आई. मालकांनी तर त्यावर पाऊण तास भाषण दिलंय मला.”

“डोळाच होता की. माझा.”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. जावयाने घाई केली नाही.

“शेवटच्या दिवशी ती म्हातारी आई करणारी बाई आली. नावाजलेली वगैरे नव्हती हो. कुठल्या तरी गावातून आणलेली, तिला अभिनयबिभिनय काही येत नव्हता. तिने विचारलं, माझं पोर परत येईल का रे. आणि भोकातून बघितलं तर ती सरळ माझ्याकडे बघतेय. तिला काय ठाऊक मागे कोणी आहे? पण बघतेय. कागदावर लिहिलं होतं, ‘परत येण्याची शक्यता नाही.’ मी ‘परत येण्याची’ एवढं टाइप केलं आणि पुढे माझं बोट उचलेना.”

“मग?”

“मग काय. जावईबापू, चौतीस वर्षं नोकरी केली मी. अर्ज नामंजूर, बदली रद्द होणार नाही, आपणास कामावरून कमी करण्यात येत आहे. सगळं या बोटांनी टाइप केलं. दुसऱ्याच्या शब्दातला कानामात्रा कधी हलवला नाही. टायपिस्टचा धर्मच तो. पण त्या बाईच्या तोंडावर ‘शक्यता नाही’ म्हणायचं...” त्यांनी मान हलवली. “मी म्हटलं, देवा, तूच कर काय ते. आणि बोटं आपोआप खाली आली. वाट पाहा.”

कोपऱ्यात कुठलासा दुरुस्तीला आलेला रेडिओ खरखरत होता. जावयाने हात लांबवून तो बंद केला.

“दिग्दर्शक ओरडला असेल.”

“तो मागे आला. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, नोकरी गेली. तो त्याच्या माणसाला म्हणाला, ‘कागदावरचं वाक्य बदलून घे.’ आणि मला विचारलं, ‘चहा झाला का तुमचा?’ एवढंच. कागद बदलला, संपलं. आता पुरावा म्हणाल तर माझ्याकडे काही नाही.”

जावई उठला. भिंतीला टेकवलेल्या पोस्टरपुढे जाऊन उभा राहिला. पोस्टरवर यंत्र, यंत्राच्या पडद्यावर नुसता हिरवा उजेड, अक्षर एकही नाही. आणि शेजारी तो वेधशाळेचा अधिकारी, सदऱ्याच्या खिशाला पेन लावून उभा. जावई बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा उजवा हात सवयीने स्वतःच्या खिशाकडे गेला, वीज तपासायच्या स्क्रूड्रायव्हरकडे. तो तिथेच थबकला.

“आई, माझा खिसा कुठल्या बाजूला आहे?”

“डाव्या. सगळ्यांचाच असतो.”

“या साहेबाचा बघा.”

बाईंनी चष्मा नीट केला. पोस्टरवरच्या माणसाचा खिसा उजव्या छातीवर होता. पेनासकट.

“छापणाऱ्याने फोटो उलटा छापलाय,” जावई सावकाश म्हणाला. “बेचाळीस वर्षं लोक पोस्टरवर उलटं यंत्र बघताहेत. सुलटं फक्त तुमच्या लक्षात राहिलं, आणि तेही पाठीमागून.”

त्याने फळीवरचे बारा दिवे एकेक करून काढले, कागदावरच्या चित्रात त्यांच्या त्यांच्या जागी ठेवले आणि तीन आठवड्यांची ती फळी उचलून भिंतीकडे तोंड करून उभी केली. मग नवा प्लायवूड आणायला चपला घातल्या.

“अहो, आठ दिवसच आहेत!” बाई घाबरून म्हणाल्या. “राहू द्या तशीच. कोणाला कळतंय?”

“मला कळलंय ना,” तो म्हणाला.

संध्याकाळी लेक आली तेव्हा नवी फळी अर्धी कापून झाली होती. जुनी भिंतीकडे तोंड करून उभी. तिने पिशवी खांद्यावरून काढलीसुद्धा नाही.

“हे काय? कोणाच्या सांगण्यावरून?”

नवऱ्याने तिला पोस्टरपुढे उभं केलं आणि खिसा दाखवला. लेक हुशार. औषधांच्या दुकानात डॉक्टरांचं अक्षर वाचणारी बाई, तिला खिसा वाचायला किती वेळ लागणार? तिने पोस्टर पाहिलं. नव्या फळीत पाडलेलं भोक पाहिलं. आता त्यात लाल बल्ब नव्हता. मग स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुसत उभ्या राहिलेल्या आईकडे पाहिलं.

“तू तर म्हणाली होतीस चेष्टा केली.”

“तू रडत होतीस, चिमे.”

लेकीचा चेहरा कसानुसा झाला. आणि एकदम बारा वर्षांच्या पोरीच्या आवाजात ती म्हणाली, “म्हणजे मी शाळेत खरं बोलत होते!”

“हो गं बाई. खरंच बोलत होतीस.”

“ती सोनेरी क्लिपवाली, आठवते? पहिल्या बाकावरची? आज सकाळीच खोकल्याचं औषध घेऊन गेली माझ्याकडून. आधी कळलं असतं तर कडू दिलं असतं!”

आणि हसता हसता ती रडायला लागली. आईने ओल्या हातांनीच तिला जवळ घेतलं. जावई मोठ्या भिडस्तपणे करवत चालवू लागला, म्हणजे आवाजात आवाज मिसळून जाईल.

पुढचे दिवस घर म्हणजे कारखाना झालं. फळीच्या भेगांत लांबी भरली, घासली, पुन्हा भरली, करड्या रंगाचे तीन हात दिले. बाजूच्या जाळीसाठी जुन्या पंख्याची जाळी कामी आली. लेक सुट्टी टाकून दिव्यांना तारा जोडत बसली आणि दर दहा मिनिटांनी विचारत राहिली, “आणि तो हिरो, आई? मागून कसा दिसायचा?”

“मागून मला यंत्र दिसायचं, चिमे. हिरोच्या अंगाला मात्र कांद्याचा वास यायचा.”

पण खरी अडचण पुढेच होती. जावयाने कॉम्प्युटरला वाक्य शिकवलं. कळ दाबली. टक टक टक टक. अक्षरं सैनिकांसारखी एका चालीत आली. मधे अकरा सेकंदांचा खंडही त्याने घड्याळ लावून घातला होता. तिघांनी बघितलं. सगळं बरोबर, आणि तरी कशात काही नाही.

“रेल्वेचं वेळापत्रक वाटतंय,” लेक म्हणाली.

जावयाने डोकं खाजवलं. मग त्याने कॉम्प्युटरमागे स्टूल ठेवलं, कीबोर्डची वायर लांब केली आणि म्हणाला, “आई, बसा. तुम्ही टाइप करा. प्रत्येक कळ कधी दाबली, ते हा लक्षात ठेवेल, पुन्हा तस्सं करेल.”

“आता? या वयात? बोटं आखडलीत माझी.”

“आखडली तर आखडलेलं उमटेल.”

बाई बसल्या. दोन्ही हात क्षणभर जोडल्यासारखे केले, मांडीवर पुसले, कळांवर ठेवले. लेक समोर जाऊन उभी राहिली आणि कोणी न सांगता तिने भोकाकडे बघून विचारलं, “माझं पोर परत येईल का रे?” चेष्टेनेच विचारलं होतं. पण आवाज मधेच हलला.

परत येण्याची. ‘ण्या’पाशी जरा अडखळ, ‘ची’ सावकाश. मग काहीच नाही. चौकोनी खूण लुकलुकत राहिली. जावई घड्याळाकडे बघायचं विसरला. मग, एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवावा तसे, दोन शब्द.

नंतर कॉम्प्युटरने सांगितलं, खंड चौदा सेकंदांचा होता.

“अकरा पाहिजे होते ना?” बाई ओशाळून म्हणाल्या. “कापून टाका तीन.”

“चौदाच राहू देत,” जावई म्हणाला. “वय वाढलं की वाट बघायला जास्त वेळ लागतो.”

उद्घाटनाच्या सकाळी यंत्र टेंपोतून थिएटरात पोचलं. मालकांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. दिवे उजवीकडे कसे? डोळ्यात लाल दिवा का नाही? जावयाने खिसा दाखवला. मालक हरखले, पोस्टरसाठी हळहळले. मग त्याने बाकीचंही सांगितलं, त्यावर मात्र मालक नुसते हसले. “अहो, ते वाक्य लेखकाचं आहे. सगळीकडे छापून आलंय. सासूबाईंचा मान राखता, चांगलं आहे. पण...”

लेक पुढे सरसावली. बाईंनी तिचं मनगट धरलं. “असू दे गं. ज्याला कळायला हवं होतं, त्याला कळलं.”

जावयाने वाद घातला नाही. त्याने फक्त यंत्र भिंतीला चिकटवू दिलं नाही. मागे अडीच फूट जागा ठेवायला लावली आणि तिथे एक स्टूल आणून ठेवलं. सामान पोचल्याची यादी मालकांनी वाचायला घेतली.

“पडदा एक. कीबोर्ड एक. दिवे बारा. वायर तीस फूट. स्टूल एक.” ते थांबले. “स्टूल कशाला? ते राहिलं वाटतं तुमचं.”

“नाही. ते यंत्राचाच भाग आहे,” जावई म्हणाला. “सही करा.”

मालकांनी खांदे उडवून सही केली.

दुपारच्या खेळाला गर्दी झाली. नवी प्रत लखलखीत होती. सिनेमात दिवे उजवीकडे होते. अंधारात लेकीने आईचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. अकरा सेकंद आले तेव्हा थिएटरभर एकसुद्धा खुर्ची करकरली नाही. पडद्यावर ती खेड्यातली म्हातारी सरळ समोर बघत होती, आणि पडद्यावरच्या यंत्राच्या काळ्या भोकात, नीट बघणाऱ्यालाच दिसेल असं, काहीतरी ओलं चमकत होतं.

खेळ सुटल्यावर दालनात यंत्रापुढे रांग लागली. कोणी परीक्षेचं विचारी, कोणी नोकरीचं. एका आजोबांनी कानात सांगावं तसं वाकून काहीतरी विचारलं, ते कोणालाच ऐकू आलं नाही. ते बाजूला झाले तेव्हा मालक पुढे होऊन त्यांना लेखकाबद्दल सांगणार होते. पण आजोबा डोळे पुसत होते, म्हणून मालक मागे सरले.

टायपिस्टबाई केव्हा तरी गर्दीतून निसटल्या आणि यंत्रामागे जाऊन स्टुलावर टेकल्या. पुढून डोळे दिपवणारं यंत्र, मागून नुसत्या फळ्या आणि स्क्रू. डाव्या दंडाला दिव्यांची ऊब लागत होती. त्यांनी भोकाला डोळा लावला.

रांगेत आता लेकीची पाळी होती. ती पुढे आली, इकडेतिकडे बघितलं आणि वाकून सरळ भोकात बघत हळूच म्हणाली, “आई, घरी कधी येतेस?”

लेकीने कळ दाबली. पुढे पडद्यावर अक्षरं उमटू लागली. मागे, मांडीवर कीबोर्ड नसतानाही, बाईंची बोटं त्यांच्याबरोबर हलली. ‘ण्या’पाशी जरा अडखळली. मग थांबली.

लेक वाट बघत उभी होती. बाईही थांबल्या होत्या, बोटं हवेत धरून, अजिबात घाई न करता.